मोटारीच्या काळ्या प्लास्टिकचा काळेपणा का उडतो आणि कसा परत आणावा?

पाच-सात वर्षे वापरलेल्या मोटारीकडे लांबून पाहिले की एक विसंगती चटकन नजरेत भरते. वरचेवर पॉलिश केल्यामुळे पत्र्याचा रंग अद्याप झळाळत असतो, काचा स्वच्छ असतात. परंतु बंपरचा खालचा भाग, चाकांवरील कमानी, दारांवरील पट्ट्या, आरशांचे बूड आणि वायपरखालची जाळी मात्र राख फासल्यासारखी पांढुरकी दिसू लागते. मोटार विकायला काढली की गिऱ्हाईक पहिले बोट याच भागांवर ठेवते आणि तेथूनच भाव पाडायला सुरुवात होते. मग मालक ॲक्सेसरीजच्या दुकानातून प्लास्टिक काळे करणारी एखादी बाटली आणतो आणि रविवारची सकाळ त्यात घालवतो. पंधरा दिवस मोटार नव्यासारखी दिसते. वळवाची पहिली सर पडली की काळे ओघळ पांढऱ्या रंगावरून खाली उतरतात आणि महिनाभरात सारे पूर्वपदावर येते.

दोष बहुधा बाटलीचा नसतो. प्लास्टिकचे नेमके काय झाले आहे हे न पाहताच उपाय केल्याचा तो परिणाम असतो. पांढुरकेपणा सर्वत्र सारखा दिसत असला तरी त्याची कारणे निरनिराळी असतात. काही प्रकार साबणाच्या पाण्याने जातात, काहींना लेप लागतो, तर काहींवर तो भाग बदलण्याखेरीज इलाज उरत नाही. हा भेद ओळखण्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे तांब्याभर पाणी.

क्रोम गेले, प्लास्टिक आले

ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या मोटारींचे बंपर पोलादाचे आणि क्रोमचा मुलामा दिलेले असत. त्यांचा शत्रू गंज. युरोपात 1972 साली बाजारात आलेल्या रेनॉ 5 या छोट्या मोटारीला पोलादाऐवजी प्लास्टिकचे बंपर होते आणि तेथून हा प्रघात हळूहळू पसरला. भारतात डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली आणि न रंगवलेला काळा बंपर शहरी मध्यमवर्गाच्या परिचयाचा झाला. पुढे महागड्या मॉडेलचे बंपर मोटारीच्या रंगाचे आणि स्वस्त मॉडेलचे काळे, अशी जणू वर्णव्यवस्थाच रूढ झाली. गेल्या काही वर्षांत मात्र चक्र उलटे फिरले. 2012 ची डस्टर, 2013 ची इकोस्पोर्ट, 2015 ची क्विड, 2016 ची व्हिटारा ब्रेझा अशा गाड्यांनी रांगडेपणाची खूण म्हणून चाकांभोवती आणि दारांखाली काळे प्लास्टिक मिरवायला सुरुवात केली. पूर्वी काटकसर म्हणून येणारे काळे प्लास्टिक आता शोभा म्हणून येते. साहजिकच त्याचे पांढुरके पडणे अधिक डोळ्यांत खुपते.

हे प्लास्टिक बहुतांशी पॉलिप्रॉपिलीन असते. इटालियन रसायनशास्त्रज्ञ ज्युलिओ नाट्टा यांनी 1954 मध्ये त्याचे उपयुक्त स्फटिकी रूप तयार केले आणि 1963 मध्ये त्यांना जर्मनीचे कार्ल झिग्लर यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. नुसते पॉलिप्रॉपिलीन थंडीत ठिसूळ होते, म्हणून बंपरसाठी त्यात ईपीडीएम जातीचे रबर मिसळतात. ताठपणा यावा म्हणून शंखजिऱ्याची पूड घालतात. बंपर किंवा क्लॅडिंग उतरवून आतली बाजू पाहिल्यास तेथे ‘पीपी’, ‘ईपीडीएम’ आणि ‘टीडी 20’ अशी रोमन लिपीतील अक्षरे ठशासारखी उमटवलेली आढळतात. शेवटच्या अक्षरांचा अर्थ, वजनाच्या 20 टक्के शंखजिरे. पुढची जाळी आणि आरशाचे कवच अनेकदा एबीएस नावाच्या वेगळ्या प्लास्टिकचे असते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण ॲसिटोन किंवा थिनर पॉलिप्रॉपिलीनला फारसे काही करीत नाही, पण एबीएसला विरघळवून चिकट करून टाकते. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवाने जाळीवरचा डाग पुसू पाहणाऱ्यांना हा धडा एकदाच आणि कायमचा मिळतो.

काळेपणा जातो कोठे?

प्लास्टिकचा काळा रंग कार्बन ब्लॅकमुळे येतो. कार्बन ब्लॅक म्हणजे तेल किंवा वायू अपुऱ्या हवेत जाळून धरलेली अतिसूक्ष्म काजळी. घरी दिव्यावर ताटली धरून काजळ पाडतात त्याचेच कारखानी रूप. हा रंग उन्हाने विटत नाही. उलट, अतिनील किरण शोषून घेऊन तो प्लास्टिकचे रक्षणच करतो. मग काळी वस्तू पांढुरकी होते ती कशी?

विटते ते काजळीला धरून ठेवणारे प्लास्टिक. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत ठराविक अंतरावर असे कार्बन अणू असतात की ज्यांच्याशी जोडलेला हायड्रोजन तुलनेने सहज सुटतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांच्या ऊर्जेने ही प्रक्रिया सुरू होते, हवेतील प्राणवायू तेथे शिरकाव करतो आणि साखळी तुटते. तुटलेला तुकडा शेजारच्या साखळीला तोडतो. उत्पादक हे ओळखून असतात, म्हणून ही तोडफोड मध्येच थांबवणारी प्रकाशरोधक द्रव्ये मिश्रणात आधीच घातलेली असतात. त्यांचा साठा पृष्ठभागालगत वर्षानुवर्षांच्या उन्हाने कमी होत जातो. साखळ्या आखूड झाल्या की पृष्ठभागाचा पातळ थर ठिसूळ होतो, आकसतो आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य भेगा पडतात. आत दडलेले पांढरे शंखजिरे उघडे पडते. दिवसा तापणे, रात्री थंड होणे, धुळीने घासले जाणे आणि धुलाई केंद्रातील तीव्र क्षारयुक्त साबण हे त्या भेगा वाढवीत राहतात.

गुळगुळीत काळ्या पृष्ठभागावर पडलेला प्रकाश आत शिरून शोषला जातो किंवा आरशासारखा एकाच दिशेला परततो. भेगाळलेल्या पृष्ठभागावर मात्र प्रत्येक भेगेत हवा असते आणि हवा व प्लास्टिक यांच्या सीमेवर प्रकाश दाही दिशांना विखुरतो. विखुरलेला प्रकाश डोळ्यांना पांढरा दिसतो. शाळेची पाटी ओल्या फडक्याने पुसली की काळीभोर होते आणि वाळली की पुन्हा राखाडी पडते. तिचा रंग काही दर वेळी येत-जात नसतो. ओलावा बारीक खळगे भरतो, विखुरणे थांबते आणि मूळचा काळा रंग दिसतो. देवळातील काळ्या पाषाणाची मूर्ती तेल लावल्यावर उजळते तेही याच न्यायाने.

भिंगशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हवेचा अपवर्तनांक 1, पाण्याचा 1.33, सिलिकॉन तेलाचा सुमारे 1.40, जवसाच्या तेलाचा सुमारे 1.48 आणि पॉलिप्रॉपिलीनचा सुमारे 1.49. भेगेत भरलेल्या द्रव्याचा अंक प्लास्टिकच्या अंकाच्या जितका जवळ, तितके विखुरणे कमी आणि काळेपणा गडद. खोबरेल तेलापासून परदेशी बनावटीच्या महागड्या लेपापर्यंत जवळजवळ सारे उपाय हेच करतात. फरक असतो तो भरलेले द्रव्य भेगेत किती दिवस टिकते याचा, आणि किंमत द्यायची ती त्या टिकाऊपणाची.

पाण्याची परीक्षा

मोटार धुऊन पूर्ण वाळू द्यावी आणि पांढुरक्या भागावर ओले बोट फिरवावे. ओली जागा तत्काळ एकसारखी काळी झाली, तर भेगा वरवरच्या आहेत. लेपाने काम होईल. ओले केल्यावरही राखाडी छटा राहिली, बोटाला खडूसारखी पूड लागली किंवा बारीक तडे नुसत्या डोळ्यांना दिसू लागले, तर वरचा थर गेला आहे. तेथे लेप लावणे म्हणजे पोपडे सुटलेल्या भिंतीवर चुना मारणे.

तिसरी शक्यता सर्वांत सुखाची, पण सर्वांत कमी लक्षात घेतली जाणारी. पांढरेपणा सलग नसून नक्षीच्या खाचांत ठिपक्यांसारखा किंवा रंगाच्या कडेलगत पुसटशा फराट्यांसारखा असेल, तर तो उन्हाचा नव्हे, पॉलिशचा असतो. पत्र्याला मेण चोळताना फडके प्लास्टिकवर जाते, मेण खाचांत बसते आणि वाळून पांढरे होते. कोमट साबणपाणी व मऊ ब्रश यांनी ते बव्हंशी निघते. हट्टी डागावर शाळकरी पांढरे खोडरबर आश्चर्यकारक काम करते. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी शेंगदाण्याचे लोणी फासण्याची शिफारस केली जाते. तेलात मेण सुटते हे खरे, परंतु नंतर ते तेलही धुवावे लागते आणि तेवढ्या खटाटोपात खोडरबराने दोन बंपर होतात. थेंबांच्या आकाराची पांढरी वर्तुळे असतील तर ती बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातील क्षारांची असतात. तितकेच पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर मिनिटभर ठेवून धुतल्यास ती विरतात. शेजारच्या रंगावर व धातूवर तो राहू देऊ नये.

प्रचलित उपाय आणि त्यांची लायकी

सर्वांत स्वस्त उपाय गॅरेजमध्ये सापडतो: वापरलेले इंजिन ऑइल किंवा डिझेलमध्ये भिजवलेले फडके. सर्व्हिसिंगहून आलेल्या जुन्या मोटारीचे काळे भाग कधी कधी अशाच युक्तीने चकचकीत केलेले असतात. हा प्रकार ठाम नकार देण्याजोगा आहे. तेलाला धूळ चिकटते, साडीला वा पँटला डाग पडतात, हे झाले वरवरचे तोटे. मुख्य तोटा असा की दारांच्या कडेची रबरे ईपीडीएमची असतात आणि खनिज तेल, डिझेल व केरोसीन ही या रबराला फुगवून मऊ करतात. फुगलेले रबर नीट बसत नाही आणि जूनमध्ये पायाखालचा गालिचा ओला का झाला याचा शोध सुरू होतो. बंपरच्या मिश्रणातही हेच रबर असते.

खोबरेल तेल निरुपद्रवी, परंतु क्षणिक आहे. बूटपॉलिश मेण व रंग यांचे मिश्रण असल्याने दिसायला झकास, पण उन्हात मऊ होते, टेकलेल्या कपड्यांना लागते आणि पावसात ओघळते. जवसाच्या उकळलेल्या तेलाची गोष्ट वेगळी. हे तेल हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट पापुद्र्यात बदलते, लाकडावरील पारंपरिक रोगणात ते त्यासाठीच वापरतात, आणि बंपरवर ते इतर घरगुती तेलांहून बरेच अधिक टिकते. तथापि पुसून काढलेले जादा तेल ज्या फडक्यात असते त्या फडक्याचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते पसरून उघड्यावर वाळवावे किंवा पाण्यात बुडवून मग टाकावे.

दुकानातील बाटल्यांत दोन मोठे वर्ग आहेत. पहिल्यात सिलिकॉन तेल असते, पाण्यात मिसळलेले किंवा द्रावकात विरघळवलेले. पाण्यातील प्रकार दुधासारखा पांढरा दिसतो, कमी चकाकतो आणि रबराला त्रास देत नाही. द्रावकातील प्रकार पारदर्शक, तेलकट आणि अधिक झगझगीत असतो. ओघळ त्याचेच अधिक येतात. दोन्ही काही आठवड्यांचे पाहुणे. लग्नकार्याला किंवा मोटारीचे छायाचित्र काढायला ते पुरेसे आहेत, आणि तेवढीच अपेक्षा ठेवली तर त्यांत काही वावगे नाही. मात्र ही द्रव्ये स्टिअरिंगवर, ब्रेकच्या पेडलवर, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर किंवा दुचाकीच्या सीटवर कधीही लावू नयेत. घसरण्याचा धोका खरा आहे. पुढच्या काचेवर उडालेले सिलिकॉन वायपरखाली पसरून रात्रीच्या पावसात समोरच्या दिव्यांचे चट्टे पाडते. आणखी एक खबरदारी सहसा कोणी सांगत नाही: पुढेमागे बंपर किंवा पत्रा रंगवायचा झाला, तर सिलिकॉन वापरल्याचे रंगाऱ्याला आधी सांगावे. त्याचा अंश राहिला तर ओला रंग तेथून सरकतो आणि बारीक गोल खळगे पडतात.

दुसऱ्या वर्गातील द्रव्ये लावल्यानंतर हवेतील आर्द्रतेशी संयोग पावून काचेसारखा कठीण पण पातळ थर बनवतात. बाजारात त्यांना प्लास्टिकचे सिरॅमिक कोटिंग म्हणतात. लेबलवर दोन-दोन वर्षांचे दावे असतात. ते बहुधा सावलीत राहणाऱ्या मोटारीला लागू समजावेत. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीवर लेपाने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला, तरी पैसे वसूल झाले असे मानायला हरकत नाही. पाण्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या प्लास्टिकसाठी हाच उपाय सर्वांत सयुक्तिक ठरतो. बाटली चिमुकली असली तरी बिचकू नये; साध्या मोटारीच्या सर्व काळ्या भागांना मिळून थोडेच मिलिलिटर लागतात.

हीट गनचा मोह

प्लास्टिकवर हीट गन फिरवताच पांढुरका भाग क्षणार्धात काळाभोर होतो, हे दृश्य पाहणाऱ्याला जादूसारखे वाटते. त्यात खोटे काही नसते. उष्णतेने वरचा थर मऊ होऊन भेगा मिटतात, आतील तेलकट घटक पृष्ठभागाशी येतात आणि विखुरणे थांबते. परंतु झीज झालेला थर तसाच राहतो, प्रकाशरोधकांचा संपलेला साठा भरून येत नाही. काही महिन्यांत पांढुरकेपणा परततो आणि पुढच्या प्रत्येक खेपेला परिणाम कमी होत जातो.

धोका मात्र पहिल्याच खेपेपासून असतो. पॉलिप्रॉपिलीन सुमारे 160 ते 165 अंश सेल्सिअसला वितळते, तर साध्या हीट गनच्या तोंडाशी हवेचे तापमान 500 अंशांपर्यंत जाऊ शकते. हात दोन सेकंद थांबला की दाणेदार पोत सपाट होऊन तेथे चकाकणारा डाग पडतो, पातळ पट्टी वाकते, शेजारच्या रंगाला फोड येतो. हे नुकसान कोणत्याही बाटलीने भरून निघत नाही. बंपरमधील पार्किंग सेन्सर, दिव्यांची कवचे आणि आरशांजवळचे भाग यांच्याजवळ तर ही बंदूक नेऊच नये. बदलायचा ठरलेला भाग हाती असेल आणि एक शेवटचा प्रयत्न म्हणून कोणी ती चालवली, तर गोष्ट निराळी. चांगल्या बंपरवर तिचा प्रयोग करणे शहाणपणाचे नाही.

लेप लावण्याची रीत

लेप फुकट जाण्याचे मुख्य कारण अपुरी सफाई हे होय. भेगांत आधीच मळ, मेण आणि जुने सिलिकॉन ठासलेले असेल, तर नवे द्रव्य त्यांवर बसते आणि त्यांच्याबरोबरच निघून जाते. म्हणून एकूण वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ धुण्यात गेला पाहिजे.

मोटार सावलीत उभी करावी आणि प्लास्टिक हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. प्रथम साध्या पाण्याने वाळूचे कण घालवावेत. कोरडे घासल्यास तेच कण घासकागदाचे काम करतात. नंतर सर्वसाधारण सफाईचा द्राव, लेबलवर सांगितल्याप्रमाणे पाणी घालून, मऊ केसांच्या ब्रशने पोताच्या खाचांत फिरवावा. फेस राखाडी निघत असेल तर पुन्हा धुवावे. दोन-तीन खेपांनी तो पांढरा निघू लागतो. यापूर्वी सिलिकॉनची पॉलिश लावलेली असल्यास पाणी थेंबांत गोळा होऊन घरंगळते. ते सपाट पसरू लागेपर्यंत सफाई संपली असे समजू नये.

भाग वाळला की दारांच्या फटी, बंपरचे सांधे आणि पट्ट्यांच्या मागील पोकळ्या यांत दडलेले पाणी बाहेर येऊ द्यावे. तासभर उघड्यावर ठेवणे किंवा हवेच्या झोताने फुंकणे, दोन्ही चालते. हे टाळले की अर्धवट लागलेल्या लेपावर नेमका एक थेंब ओघळतो. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याने पुसावे. हात निर्जंतुक करण्याचा सॅनिटायझर येथे चालत नाही, कारण त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि त्याचा चिकट पापुद्रा मागे राहतो.

रंगलेल्या पत्र्याच्या कडेला मास्किंग टेप लावावी. लेपाचा थेंब पत्र्यावर वाळला तर तो पॉलिश मशीननेच काढावा लागतो. हातमोजे घालावेत. पहिला प्रयोग दर्शनी जागी न करता मागच्या बंपरच्या खालच्या कोपऱ्यात करावा आणि दुसऱ्या दिवशी उन्हात पाहावा. समाधानकारक वाटल्यास फोमच्या तुकड्यावर चार-सहा थेंब घेऊन एका वेळी वीतभर किंवा फार तर हातभर भाग घ्यावा. आडवे, मग उभे असे फिरवले की खाचा सुटत नाहीत. लेबलवरील वेळ संपताच, म्हणजे साधारण काही मिनिटांत, जादा द्रव्य कोऱ्या फडक्याने पुसावे. येथे हात आखडता घेतल्यास लेप जागोजाग जाड राहतो आणि वाळल्यावर चट्टे दिसतात. उन्हात काम केल्यासही हेच होते. फार विटलेला भाग पहिला हात पिऊन टाकतो. त्याला सूचनेप्रमाणे थांबून दुसरा हात द्यावा.

त्यानंतर बारा ते चोवीस तास पाणी लागू देऊ नये. सोसायटीच्या आवारात सकाळी गाडी पुसणाऱ्याला त्या दिवशी आठवणीने नाही म्हणावे लागते. महाराष्ट्रात या कामाला ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात कोरडा दिवस हाती लागत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊ वाजताच बंपर तापलेला असतो. परंतु लेपाची खरी गरज त्या दोन महिन्यांतच असते. तेव्हा दुपारच्या अतिनील किरणांची तीव्रता जागतिक आरोग्य संघटनेच्या मापनात 11 च्या वरच्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत जाते. थंडीत लावलेला लेप होळीच्या आधी पूर्ण पक्का झालेला असतो, हा त्यामागचा हिशेब.

रंगवणे आणि बदलणे

पाण्याच्या परीक्षेत नापास झालेल्या भागांपुढे दोन मार्ग उरतात. रंगवणे हा त्यातला अधिक लोकप्रिय, आणि अधिक फसणारा. पॉलिप्रॉपिलीनला जवळजवळ काहीच चिकटत नाही. त्याच्या पृष्ठभागाची ऊर्जा फार कमी असते. कारखान्यात बंपर रंगवण्यापूर्वी त्यावर ज्योत फिरवून किंवा विशेष प्राइमर देऊन हा दोष घालवतात. फवाऱ्याच्या डब्यातील काळा रंग थेट मारल्यास तो आधी देखणा दिसतो आणि पहिल्याच धक्क्याला पापुद्र्यासारखा सोलला जातो. रंगवायचेच असेल तर घासून, चरबी काढून, प्लास्टिकसाठीचा चिकटप्राइमर देऊन, मग बंपरसाठी बनवलेला लवचीक, दाणेदार काळा रंग पातळ थरांत द्यावा लागतो. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला काम देताना ‘कोणता प्राइमर?’ हा एकच प्रश्न विचारावा. उत्तर टाळले गेले तर काम दुसरीकडे न्यावे. पार्किंग सेन्सरवर अशा रंगाचे जाड थर बसू देऊ नयेत. त्यांची जाण मंदावते.

वायपरखालची जाळी, दारावरील पट्ट्या, चाकावरील कमानी असे सुटे भाग बदलणे अनेकदा रंगवण्याहून सोपे असते. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाऊस किंवा कुर्ल्याचा सीएसटी मार्ग येथे सुट्या भागांची दुकाने दाटीवाटीने आहेत. वायपरखालची जाळी सर्वांत आधी विटते, कारण ती आडवी असते आणि माध्यान्हीचे ऊन तिच्यावर थेट, शिवाय काचेवरून परावर्तित होऊनही पडते. ती लेप लावून दर वर्षी सांभाळण्यापेक्षा एकदा बदलावी. घेताना आतील बाजूचा ठसा मूळ भागाशी ताडून पाहावा. हुबेहूब दिसणारी पण बिनठशाची नक्कल पुष्कळदा पुनर्वापराच्या प्लास्टिकची असते, तिच्यातील प्रकाशरोधकांची कसलीही हमी नसते आणि दोन उन्हाळ्यांत ती जुन्या भागाहून वाईट दिसू लागते.

जुनी मोटार घेताना

हेच ज्ञान खरेदीदाराच्याही कामी येते. एका मोटारीचे सारे काळे भाग एकाच वयाचे असतील तर ते साधारण सारखे विटतात; उन्हाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या बाजूला थोडे अधिक. एका कोपऱ्याची कमान काळीभोर आणि बाकी तीन राखाडी, किंवा पुढचा बंपर नवा आणि मागचा जुना, असे दिसल्यास तो भाग कधीतरी बदललेला आहे. बदल म्हणजे अपघातच असे नव्हे, पार्किंगमधील किरकोळ धक्काही असू शकतो. परंतु त्यामागच्या पत्र्याचे सांधे आणि बोल्टवरील रंग पाहण्यास तेवढे निमित्त पुरेसे आहे.

विक्रीसाठी सजवलेल्या मोटारीचे सर्वच प्लास्टिक ओलसर चकाकत असेल तर हा पुरावा झाकलेला असतो. अशा वेळी कोरड्या पांढऱ्या रुमालाने बंपर जोरात पुसावा. रुमाल काळा किंवा तेलकट झाला तर चकाकी आजच्या सकाळची आहे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला बोळा प्रत्येक काळ्या भागाच्या खालच्या कडेला रुपयाएवढ्या जागेवर फिरवावा आणि वाळू द्यावा. त्या त्या भागाचे खरे वय मिनिटभरात उघडे पडते. विक्रेत्याची परवानगी आधी घ्यावी. ती देण्यास खळखळ करणारा विक्रेता आपल्या मोटारीविषयी बरेच काही सांगून जातो.